उन्हाने धुतलेले पाणी

गेल्या वसंतात आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ काकांनी आपल्या अलॉटमेंटवरची जुनी लाकडी खोली आवरायला काढली. मदतीला गेलेल्या आम्हा चौघांच्या हाती फुटके गमले, गंजलेली कात्री आणि कोपऱ्यात एक अर्धी भरलेली पुठ्ठ्याची पेटी लागली. पेटीत वाटाण्याहून बारीक, निळ्या रंगाच्या गोळ्या होत्या. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ या म्हणीचा अर्थ इंग्लंडात कोबी लावणाऱ्याला पहिल्याच पावसाळी रात्री कळतो. सकाळी रोपांच्या जागी नुसते देठ उभे असतात. या गोळ्या त्या गोगलगायींसाठीच्या. त्यांतील विषाचे नाव मेटाल्डिहाइड. ग्रेट ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२२ पासून त्यांचा उघड्यावरील वापर बंद झाला. काकांनी पेटी हातात घेतली आणि म्हणाले, “टाकून कुठे द्यायची? कचऱ्यात टाकली तर जमिनीत जाईल, मोरीत ओतली तर पाण्यात.”

काकांच्या त्या साध्या प्रश्नात एक मोठा प्रश्न दडलेला आहे आणि या वेळचे सदर आम्ही त्याच्याच मागे नेणार आहोत. पाण्यात एकदा गेलेले विष बाहेर कसे काढायचे? गेली कित्येक वर्षे वैज्ञानिक ज्या एका उत्तरावर काम करीत आहेत, ते ऐकायला फार मोहक वाटते: ऊन आणि चिमूटभर पांढरी भुकटी. हा मोह कुठवर खरा आहे, ते पाहू.

बंदीचे अधिकृत कारण पक्षी आणि सस्तन प्राणी यांना असलेला धोका हे होते. परंतु पाणीपुरवठा करणाऱ्यांची डोकेदुखी त्याआधीची होती. मेटाल्डिहाइडचा रेणू लहान आणि पाण्याशी सलगी करणारा. तो मातीला चिकटून राहत नाही; शरद ऋतूतील पावसाबरोबर शेतातून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत उतरतो. जलशुद्धीकरण केंद्रात कीटकनाशके अडवण्याचे नेहमीचे हत्यार म्हणजे दाणेदार सक्रिय कोळसा. बहुतेक कीटकनाशकांना पाण्यापेक्षा कोळसा अधिक प्रिय असतो, म्हणून ती त्याला चिकटतात. हा रेणू मात्र कोळशाजवळून सहज निसटतो. ओझोन वायूनेही तो फारसा मोडत नाही.

ब्रिटनमध्ये आणि युरोपात नळाच्या पाण्यात कोणतेही एक कीटकनाशक एका लिटरला ०.१ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये आणि सर्व मिळून ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. ऑलिंपिक स्पर्धेच्या तरणतलावात सुमारे २५ लाख लिटर पाणी मावते. तेवढ्या पाण्यात पाव ग्रॅम मेटाल्डिहाइड विरघळले की मर्यादा गाठली गेली. स्वयंपाकघरातली चिमूटसुद्धा याहून मोठी असते. ही मर्यादा १९८० च्या युरोपीय निर्देशातून आलेली आहे आणि ती कोणत्याही एका विषाच्या घातकतेवरून काढलेली नाही. पिण्याच्या पाण्यात कीटकनाशक असूच नये, या तत्त्वाला दिलेले ते मोजता येण्याजोगे रूप होते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याच्याकडे परत यावे लागेल.

आता उन्हाकडे वळू. १९६७ साली तोक्यो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हे तरुण संशोधक आपले मार्गदर्शक केनिची होंडा यांच्याकडे काम करीत होते. टायटॅनियम डायऑक्साइडचा स्फटिक पाण्यात ठेवून त्यावर प्रखर प्रकाश टाकताच त्यांना स्फटिकावर वायूचे बुडबुडे दिसले. प्रकाशाच्या बळावर पाण्याचे विघटन होत होते आणि स्फटिक मात्र जसाच्या तसा राहत होता. १९७२ मध्ये हा शोध ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षी जगावर तेलसंकट कोसळले आणि पाण्यापासून हायड्रोजन मिळेल या आशेने अनेक प्रयोगशाळा त्यामागे लागल्या. हायड्रोजनचे स्वप्न लांबले. दरम्यान १९७६ मध्ये कॅनडातील संशोधकांनी त्याच भुकटीने पाण्यातील पीसीबी ही हट्टी क्लोरीनयुक्त रसायने मोडून दाखवली. तेव्हापासून या विद्येची एक शाखा पाणी शुद्ध करण्याकडे वळली.

टायटॅनियम डायऑक्साइड हे काही दुर्मीळ द्रव्य नव्हे. भिंतीच्या पांढऱ्या रंगात, टूथपेस्टमध्ये, उन्हाळ्यात अंगाला लावायच्या क्रीममध्ये ते असते. जुन्या पांढऱ्या दरवाजावरून हात फिरवला की तळव्याला खडूसारखी पूड लागते. ती या भुकटीचीच करणी. ऊन पडले की ती आपल्या भोवतालचा रंगाचा चिकट भाग हळूहळू जाळत जाते. म्हणून रंगाचे कारखानदार तिच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचे कवच चढवून तिचा हा गुण दाबतात. पाणी शुद्ध करणाऱ्यांना नेमका तोच गुण हवा असतो.

हे घडते कसे? या स्फटिकावर ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील प्रकाश पडला की त्यातील एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून उसळतो. मागे राहिलेली रिकामी जागा इलेक्ट्रॉनसाठी वखवखलेली असते. ती शेजारच्या पाण्याच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावते आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलक जन्माला येतो. ऑक्सिजनचा एक आणि हायड्रोजनचा एक अणू, आणि एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना: एवढीच त्याची मालमत्ता. पण क्लोरीन आणि ओझोन यांच्यापेक्षाही तो बलवान ऑक्सिडीकारक आहे. त्याचे आयुष्य सेकंदाच्या काही अब्जांश भागांइतकेच असते आणि तेवढ्यात जो सेंद्रिय रेणू समोर येईल त्यावर तो तुटून पडतो. उसळलेला इलेक्ट्रॉन पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनला मिळतो. असे प्रहार पुरेसे झाले की कीटकनाशकाचा कार्बन डायऑक्साइड होतो, हायड्रोजनचे पाणी होते, आणि क्लोरीन, फॉस्फरस, गंधक यांचे साधे क्षार उरतात. कोळसा विष पकडून ठेवतो; मग त्या कोळशाचे काय करायचे हा प्रश्न उरतो. इथे विषच नाहीसे होते आणि भुकटी खर्चही होत नाही. या पद्धतीचे खरे आकर्षण यातच आहे.

मात्र ‘पुरेसे झाले की’ हे तीन शब्द आम्ही वर फार सहज लिहून गेलो. सारी गोम त्यांतच आहे. विदर्भातल्या कापसावर सर्रास फवारले जाणारे क्लोरपायरिफॉस घ्या. त्याच्या रेणूत फॉस्फरसला जोडलेला गंधकाचा एक अणू असतो. ऑक्सिडीकरणाच्या पहिल्या पायऱ्यांत गंधकाच्या जागी ऑक्सिजन बसतो आणि क्लोरपायरिफॉस-ऑक्सॉन तयार होते. मज्जासंस्थेतील ज्या विकरावर हे विष आघात करते, त्यावर ऑक्सॉनचा आघात मूळ रेणूपेक्षा कितीतरी अधिक तीव्र असतो. किंबहुना कीटकाच्या आणि माणसाच्या शरीरातही हेच रूपांतर होते, तेव्हाच ते औषध मारक ठरते. मॅलॅथिऑनचे मॅलॅऑक्सॉन होते, पॅराथिऑनचे पॅराऑक्सॉन. म्हणजे अर्ध्यावर थांबवलेली शुद्धी ही पाणी अधिक विषारी करण्याची कृती ठरू शकते. पात्रातले क्लोरपायरिफॉस नव्वद टक्के नाहीसे झाले, असे वाचले की आनंद मानण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: नाहीसे झाले, म्हणजे कोणत्या रूपात गेले? चांगले संशोधक म्हणूनच मूळ द्रव्याबरोबर पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बन मोजतात आणि शेवटी ते पाणी सूक्ष्म जीवांवर तपासून पाहतात.

काही रेणू तर शेवटपर्यंत मोडतच नाहीत. ॲट्राझिन हे तणनाशक या पद्धतीने मोडायला घेतले की त्याच्या फांद्या गळून पडतात, पण मधले कार्बन-नायट्रोजनचे कडे सायन्युरिक आम्लाच्या रूपाने तसेच टिकून राहते. सुदैवाने ते फारसे विषारी नाही; तरणतलावातला क्लोरीन उन्हात उडून जाऊ नये म्हणून ते मुद्दाम टाकतात. पण सर्वच हट्टी अवशेष इतके सभ्य असतील असे मानता येत नाही.

दुसरी अडचण नदीची. प्रयोगशाळेतले पाणी ऊर्ध्वपातित असते. त्यात विष आणि भुकटी यांच्याखेरीज तिसरे कोणी नसते. नदीच्या पाण्यात कुजलेल्या पाल्याचा अर्क असतो, विरघळलेला चुना असतो, गाळ असतो. हायड्रॉक्सिल मूलक विष आणि पालापाचोळा यांत भेद करीत नाही. तो समोर येईल त्याच्यावर खर्च होतो. क्रॅनफील्ड विद्यापीठातील संशोधकांनी मेटाल्डिहाइडवर दोन पद्धती ताडून पाहिल्या. एकीत अतिनील दिव्याबरोबर हायड्रोजन पेरॉक्साइड होते, दुसरीत टायटॅनियम डायऑक्साइड. शुद्ध पाण्यात दोन्ही पद्धतींनी विष मोडले. परंतु नैसर्गिक सेंद्रिय द्रव्ये असलेल्या पाण्यात टायटॅनियमची पद्धत अधिक अडखळली, कारण ती द्रव्ये कणांचा पृष्ठभागच अडवून बसतात.

आणि तो दिवा विजेवर चालतो. फुकटचे ऊन वापरावे म्हटले तर जमिनीवर पोचणाऱ्या सूर्यप्रकाशात अतिनील भाग चार-पाच टक्केच असतो. उरलेल्या प्रकाशाला हा स्फटिक दाद देत नाही. जो प्रकाश तो शोषतो, त्यातूनही उसळलेले बहुतेक इलेक्ट्रॉन काही काम करण्यापूर्वीच परत आपल्या जागी जाऊन पडतात. दृश्य प्रकाशात काम करणाऱ्या उत्प्रेरकांचा शोध जोरात चालू आहे. स्फटिकात नायट्रोजन मिसळून पाहिला गेला, कार्बन नायट्राइडसारखी नवी द्रव्ये आली. त्यांवरचे निबंध हजारोंनी निघतात. त्यांतील पुष्कळ निबंधांत एखाद्या निळ्या रंगाचे द्रावण फिके पडलेले दाखवून समाधान मानलेले असते, हे आम्हाला थोडे खटकते. शिवाय कामानंतर २० नॅनोमीटरचे कण पाण्यातून गाळून परत कसे मिळवायचे, हेही उरतेच. काचेवर थर देऊन ते बसवता येतात, पण मग त्यांचा विषाशी संपर्क कमी होतो.

मग ही विद्या चालते कुठे? उत्तर आमच्या ताटात आहे. हिवाळ्यात इथल्या दुकानांतले टोमॅटो, ढोबळी मिरची आणि काकड्या मोठ्या प्रमाणावर येतात त्या दक्षिण स्पेनमधील आल्मेरियाहून. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पेन आणि मोरोक्कोतील थंडीमुळे पुरवठा आटला, तेव्हा काही दुकानांनी गिऱ्हाइकाला तीनच टोमॅटोंची पाकिटे देण्याचा नियम केला होता. आल्मेरियाच्या किनाऱ्यावर सुमारे ३० हजार हेक्टर जमीन प्लास्टिकच्या हरितगृहांखाली आहे. तिथे कीटकनाशकांच्या रिकाम्या बाटल्यांचे डोंगर साचतात. त्या पुन्हा वितळवायच्या तर आधी धुवाव्या लागतात, आणि ते धुवण निव्वळ विष असते.

त्याच जिल्ह्यात, तावेर्नासच्या वैराण भागात, स्पेनचे सौर संशोधन केंद्र आहे. तिथल्या अनेक वर्षांच्या कामातून ला मोहोनेरा या गावी २००४ च्या सुमारास या धुवणासाठी एक संयंत्र उभे राहिले: काचेच्या नळ्या, नळ्यांखाली वक्र ॲल्युमिनियमचे आरसे, एकूण १५० चौरस मीटर. आरशांचा आकार असा की ढगाळ दिवशीचा विखुरलेला प्रकाशही नळीवर येतो आणि सूर्यामागे यंत्र फिरवावे लागत नाही. पण गंमत अशी की तिथे टायटॅनियम डायऑक्साइड निवडले गेले नाही. निवडले गेले लोखंड.

१८९४ साली केंब्रिजचे रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांनी दाखवले होते की लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की टार्टारिक आम्लाचे जोरदार ऑक्सिडीकरण होते. इथेही करामत त्याच हायड्रॉक्सिल मूलकाची. काम करून थकलेल्या लोहाला सूर्यप्रकाश पुन्हा कामाजोगे करतो आणि यासाठी अतिनीलबरोबर दृश्य प्रकाशाचाही काही भाग चालतो. मोल एवढेच की पाणी बरेच आम्लधर्मी करावे लागते, पेरॉक्साइड विकत आणावे लागते, आणि शेवटी आम्ल मारून लोहाचा गाळ काढावा लागतो. ते परवडते, कारण धुवण थोडे असते, विष दाट असते आणि ते एका जागी साठलेले असते. नदी मोठी, विष विरळ आणि सर्वत्र पसरलेले. तिथे हाच हिशेब कोसळतो. आमच्या मते प्रकाशाच्या या रसायनाची खरी जागा नळाच्या पाण्यापाशी नसून विष पाण्यात शिरते त्या तोंडाशी आहे.

हे वाचताना मन अपरिहार्यपणे यवतमाळकडे जाते. २०१७ च्या पावसाळ्यात त्या जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षी डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी हे एक कारण सांगितले गेले. ती बाधा श्वासातून आणि त्वचेतून झाली होती, पाण्यातून नव्हे. दोहोंची गल्लत आम्ही करणार नाही. परंतु फवारणी संपल्यावर तोच पंप आणि तोच डबा कुठे धुतला जातो, हे आमच्यापैकी ज्यांचे बालपण तिकडे गेले त्यांना ठाऊक आहे. नाल्यावर, नाहीतर विहिरीच्या थारोळ्यापाशी.

आता त्या ०.१ मायक्रोग्रॅमकडे परत येऊ. २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने बाटलीबंद पाण्यातील कीटकनाशके मोजून दाखवली आणि देशात गदारोळ झाला. त्यानंतर बाटलीबंद पाण्यासाठी भारताने युरोपचीच मर्यादा घेतली: प्रत्येक कीटकनाशक ०.१, सर्व मिळून ०.५. पण नळाच्या आणि विहिरीच्या पाण्यासाठी २०१२ चे भारतीय मानक पाहिले तर आकडे वेगळे दिसतात. मोनोक्रोटोफॉस १ मायक्रोग्रॅम, क्लोरपायरिफॉस ३०, मॅलॅथिऑन १९०. हे आकडे अगदीच निराधार आहेत असे नाही. क्लोरपायरिफॉसचा ३० हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मूल्याशी जुळणारा, म्हणजे आरोग्याच्या अंदाजावर बेतलेला आहे. तरी एकाच देशात, एकाच विषासाठी, विकत घेतलेल्या पाण्याला एक माप आणि रांजणातल्या पाण्याला त्याच्या तीनशेपट माप, हे चित्र उरतेच. कोणाच्या वाट्याला कोणते पाणी, हा प्रश्न आमच्या वाचकांना शिकवावा लागत नाही. आणि विहिरीचे पाणी त्या सैल मापाने तरी तपासायला गावात येते कोण?

अशा ठिकाणी आरशांचे संयंत्र बसेल का? ऊन तर विपुल आहे. पण फवारणीचा हंगाम नेमका पावसाळ्यात येतो, धुवण गावभर विखुरलेले असते, आणि आम्ल, पेरॉक्साइड व अर्धवट मोडलेले ऑक्सॉन यांवर रोज नजर ठेवणारा माणूस लागतो. एखाद्या मोठ्या फळबागेत किंवा बाटल्या गोळा करणाऱ्या केंद्रात ते शोभेल. तीन एकरांच्या कोरडवाहू शेतात नाही. तिथे आम्हाला स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात निघालेला एक अगदी अनाकर्षक उपाय अधिक पटतो: खड्डा. सुमारे दोन फूट खोल, खाली पाणी न झिरपणारा थर, त्यात अर्धे कुटार, पाव भाग माती आणि पाव भाग पीट, वर गवत. कुटार कुजवणाऱ्या बुरशीची विकरे कीटकनाशकांचे रेणूही मोडत राहतात. हे काम संथ चालते. त्याला वीज लागत नाही आणि ऊनही लागत नाही. पीट नसेल तिथे मुरलेल्या कंपोस्टवर प्रयोग झाले आहेत. ब्रिटनमधल्या शेतांवरही असे खड्डे आहेत. इथे खाली पक्के अस्तर घालतात.

हे सदर लिहीत असताना आम्ही गावी चुलत भावाला फोन केला. डबा रिकामा झाला की तीनदा विसळावा, प्रत्येक वेळचे पाणी पंपातच ओतावे आणि पिकावरच फवारावे, मग डब्याला भोक पाडावे म्हणजे घरात कोणी त्यात तेल-रॉकेल भरणार नाही, हा साधा नियम आम्ही त्याला मोठ्या उत्साहाने सांगितला. त्याने ऐकून घेतले. मग म्हणाला, “भाऊ, डबा तीनदा इसळू. पन पंप धुवाले गडी नाल्यावरच जाते ना. त्याले काय सांगू?”

आम्ही उन्हाच्या रसायनाविषयी बोललो. ते दुकानात मिळते का, हा त्याचा पहिला प्रश्न. मिळत नाही, म्हटल्यावर त्यातला त्याचा रस संपला. खड्ड्याविषयी मात्र त्याने नीट चौकशी केली. विहिरीपासून किती लांब? पावसाचे पाणी भरले तर? यंदाचे सोयाबीनचे कुटार चालेल की गव्हाचेच हवे? प्रयोग बहुतेक गव्हाच्या काडावर झालेले आहेत, एवढे आम्ही सांगू शकलो. वरून पत्र्याचे छप्पर घाल आणि विहिरीच्या उताराकडच्या अंगाला, शक्य तितक्या दूर खण, असेही सांगितले. गुढीपाडव्यानंतर शेत मोकळे झाले की खणतो म्हणाला.

काकांची निळी पेटी आम्ही कौन्सिलच्या घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन दिली. तिथल्या माणसाने ती न उघडता एका पिवळ्या पिंपात ठेवली आणि आमच्याकडून सही घेतली. या वर्षी काकांनी कोबीभोवती तांब्याची पट्टी लावली आहे आणि रात्री दहा वाजता ते टॉर्च घेऊन गोगलगायी वेचतात.